मेल्बाच्या दुकानापासून तळ्याकडे

याओस्का : परत उठलात? पापा, बसा ना जरा एका जागी. हे एवढं वाक्य ऐका. "मानाग्वा शहराला मध्य नाही."

एव्हेलियो : कोणी सांगितलं तुला?

याओस्का : सांगायला कशाला हवं, दिसतंयच की. पाहुणा विमानतळावर उतरतो, टॅक्सीवाल्याला म्हणतो शहरात ने. टॅक्सीवाला विचारतो, कुठल्या?

एव्हेलियो : मध्य आहे. पडलाय. पडला म्हणजे नाहीच असं कुठे असतं? लिही, मध्य होता, भूकंपात पडला, आता तिथे गवत आहे आणि गवतावर प्रेमात पडलेली पोरं बसतात.

याओस्का : हॉटेलवाल्याला शहराची ओळख हवीये, चार पानं, पाहुण्यांच्या खोलीत ठेवायला. त्यात प्रेमात पडलेली पोरं नकोत त्याला. आणि आज पाचच्या आत हवीये.

एव्हेलियो : मग घरी बसून लिहायचंस. तुझ्या त्या सी चौदामध्ये. इथे कशाला आलीस घाम गाळायला?

याओस्का : कशाला आले ते तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. चार वाजता तो पंक्चरवाला विल्मर येतोय ह्या जागेची चावी घ्यायला. आत्ता अडीच झालेत. मी ह्या बाजूनं पेट्या भरतेय आणि तुम्ही त्या बाजूनं रिकाम्या करताय. तो आरसा तिसऱ्यांदा भिंतीवर गेलाय.

एव्हेलियो : पेटीत आरसा फुटतो.

याओस्का : सगळ्यांचे आरसे पेटीतूनच जातात.

एव्हेलियो : वाच पुढचं. उगाच वेळ नको घालवूस.

याओस्का : मी घालवतेय वेळ? बरं. "मार्च-एप्रिलमध्ये दुपारी बाहेर पडणे टाळावे."

एव्हेलियो : बारा महिने टाळावे. मी अडतीस वर्षं टाळलं नाही, खांद्यावर टपालाची पिशवी घेऊन हिंडलो. माझ्या कातडीकडे बघ आणि लिही.

याओस्का : "सकाळी गाल्यो पिंतो जरूर खावा. भात आणि राजमा कांद्यावर परतून केलेला हा पदार्थ..."

एव्हेलियो : सकाळी खावा, दुपारी खावा, रात्री उरला तर परत खावा. जरूर कसला? दुसरं देणार आहे का कोणी?

याओस्का : "सरोवराच्या काठी संध्याकाळी वारा सुखद असतो. मात्र पाण्यात उतरू नये."

एव्हेलियो : हे ठीक. तसं तुझ्याआधी वासच सांगेल त्यांना. पंखा कोणी बंद केला?

याओस्का : मी. पेटीत गेला तो.

एव्हेलियो : मेल्बाचा पंखा?

याओस्का : आईचा पंखा. तिकडे तुमच्या खोलीत लावणार आहे मी. पापा, तुम्ही ती पेटी उघडू नका. पापा! बरं, उघडा. लावा. लावा पंखा, पण मग इथे बसा. आता पत्ते आले. त्याला अर्धं पान नुसतं पत्त्यांवर हवंय. पाहुणे वैतागतात म्हणे, रस्त्यांना नावं नाहीत, घरांना नंबर नाहीत.

एव्हेलियो : नावं आहेत. कुणाला माहीत नाहीत, एवढंच.

याओस्का : मी असं लिहिलंय. "उत्तरेला तळ्याकडे म्हणतात. सूर्य जिकडून वर येतो ती पूर्व, म्हणून पूर्वेला वर म्हणतात. पश्चिमेला खाली. दक्षिणेला दक्षिण."

एव्हेलियो : नुसतं दक्षिण?

याओस्का : मग तुम्ही काय म्हणता?

एव्हेलियो : दक्षिणच म्हणतो. बिचारीचं कुणी बारसंच केलं नाही. पुढे?

याओस्का : "पत्ता एखाद्या ठाऊक खुणेपासून मोजतात. ती खूण आज जागेवर असेलच असं नाही."

एव्हेलियो : हे चांगलंय. कुणाचं उतरवलंस?

याओस्का : माझंच आहे!

एव्हेलियो : वाटलं नाही. पण खरं लिहिलंस. मी नोकरीला लागलो ना, तेव्हा भूकंपाला वर्षच झालं होतं. वीस वर्षांचा होतो मी. निम्म्या पाकिटांवर पडलेल्या इमारती. सिनेमापासून दोन चौक खाली. कुठाय सिनेमा? विटांचा ढीग. पण ढिगापासून दोन चौक खाली चाललं की माणूस सापडायचा. घरात नाही तर ताडपत्रीखाली. पत्त्याचा माणूस सापडला नाही म्हणून मी एकही पाकीट परत पाठवलं नाही.

याओस्का : तेच तर पाहुण्यांना सांगायचंय. म्हणून मी एक उदाहरण दिलंय, दोन्या म्हणजे बाई हेही कंसात लिहिलंय. ऐका. "उदाहरणार्थ, जिथे दोन्या मेल्बाचं दुकान होतं तिथून दोन चौक तळ्याकडे, एक चौक वर." काय झालं?

एव्हेलियो : परत वाच.

याओस्का : "जिथे दोन्या मेल्बाचं दुकान..."

एव्हेलियो : पुढचा शब्द.

याओस्का : होतं.

एव्हेलियो : तू बसलीयेस कशावर?

याओस्का : अं? स्टुलावर.

एव्हेलियो : स्टूल कुठाय?

याओस्का : पापा...

एव्हेलियो : स्टूल कुठाय?

याओस्का : दुकानात.

एव्हेलियो : मग?

याओस्का : पापा, हे छापून येईपर्यंत महिना जाईल. तोवर इथे विल्मर टायर काढत बसलेला असेल. त्या हिशोबानं लिहिलं मी.

एव्हेलियो : आत्ता किती वाजले?

याओस्का : पावणेतीन.

एव्हेलियो : मग आहे. दार उघडं आहे, जाळीची खिडकी उघडी आहे, पाटी वर आहे, माल फळीवर आहे.

याओस्का : कसला माल? तीन मेणबत्त्या, साबणाच्या दोन वड्या आणि एक बरणी.

एव्हेलियो : बरणीत गोळ्या आहेत.

याओस्का : बरणीत एकच गोळी आहे. सगळ्या चिकटून झालीये ती. हातोडा लागेल काढायला. आई गेल्याला अकरा महिने झाले, पापा. अकरा महिन्यांत तुम्ही एकदा तरी बाजारात जाऊन माल आणलात?

एव्हेलियो : मी पोस्टमन आहे. मला भाव करता येत नाही.

याओस्का : म्हणूनच म्हणते ना!

एव्हेलियो : तो शब्द खोड.

याओस्का : खोडते. खोडला. आता ती पेटी द्या इकडे.

एव्हेलियो : आणि विल्मरला फोन कर. म्हणावं नको येऊस.

याओस्का : काय?

एव्हेलियो : ऐकलंस तू.

याओस्का : तुम्ही हात मिळवलात त्याच्याशी! माझ्यासमोर, रविवारी, मी त्याला टॅक्सीनं इथे आणलं तेव्हा. त्यानं जुन्या जागेचं सामान हलवलंय. त्याचे टायर टेम्पोत आहेत, पापा.

एव्हेलियो : टायरला कुठे ऊन लागतं?

याओस्का : गंमत करू नका. तुम्ही इथे एकटे राहू शकत नाही. ऑक्टोबरचं मला बोलायचं नव्हतं, पण आता बोलते. काउंटरच्या मागे पडलात तुम्ही. एक वाजता पडलात आणि चार वाजता शेजारच्या चिला मावशीनं बघितलं. तीन तास! दार उघडं, जाळी उघडी, पाटी वर, आणि तीन तासांत एक माणूस आला नाही. आई असताना ह्या खिडकीला तीन मिनिटं तरी उसंत होती का? माझ्या शाळेच्या वह्यांवर सगळ्या चीजचे डाग असायचे, कारण मी काउंटरवरच जेवायचे आणि लिहायचे, तिला मला जेवायला वाढायलाही आत येता यायचं नाही. मी रागवायचे तिच्यावर. आणि तुम्ही तिथे फरशीवर, दुकान उघडं ठेवून...

एव्हेलियो : मला वाटत होतं कोणीतरी येईल.

याओस्का : नाही आलं.

एव्हेलियो : पडल्या पडल्या मी रस्त्यावरची बोलणी ऐकत होतो. माणसं जात होती. आत वळत नव्हती.

याओस्का : मग हाक का नाही मारलीत?

एव्हेलियो : दुकानदारानं हाक मारायची नसते. गिऱ्हाइकानं मारायची असते.

याओस्का : हे काय बोलणं झालं? मी रात्र-रात्र झोपत नाही हो. फोन उशाशी घेऊन पडते. सी चौदा वाईट नाही. झाडं आहेत, फाटकावर माणूस आहे, बाथरूममध्ये धरायला दांडी बसवलीये मी.

एव्हेलियो : नंबर कैद्याला असतो. सी चौदा!

याओस्का : अहो, त्या नंबरमुळे रुग्णवाहिका दहा मिनिटांत येते.

एव्हेलियो : आणि इथे नाही येणार?

याओस्का : इथे ती आधी विचारेल, कोणतं मेल्बाचं दुकान? थांबा, हॉटेलवाला आहे. हॅलो? हो सर, होतंच आलंय. नाही, लांबलं नाही, पत्त्यांपाशी थोडं अडलंय. हो, पाच. पाचच्या आधी. बघितलंत? त्याला शंका आलीये. पापा, खाली उतरा त्या खुर्चीवरून! काय करताय?

एव्हेलियो : पाटीवरची धूळ पुसतोय.

याओस्का : उतरा आधी. द्या ते फडकं. खरं सांगा, काय बिघडलं? रविवारी तर तुम्ही हसत हो म्हणालात.

एव्हेलियो : रविवारी माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

याओस्का : काय?

एव्हेलियो : लोक विल्मरपासून मोजतील.

याओस्का : म्हणजे?

एव्हेलियो : विल्मरच्या पंक्चरपासून दोन चौक तळ्याकडे. विल्मरच्या पंक्चरसमोर. विल्मरच्या पंक्चरमागे हिरवं फाटक. तुझी आई बेचाळीस वर्षं ह्या सगळ्या आळीचा पत्ता होती. पाकिटांवर तिचं नाव वाचत मी पत्रं वाटलीत. स्पेनहून आलेल्या पाकिटांवर तिचं नाव, तुरुंगातून आलेल्या पाकिटांवर तिचं नाव. दुसऱ्यांची पत्रं, पण नाव तिचं.

याओस्का : पण आत्ताच म्हणालात ना, पडलेल्या सिनेमापासून लोक मोजतात.

एव्हेलियो : सिनेमापासून मोजतात. कुत्र्यापासून मोजतात का?

याओस्का : कुठल्या कुत्र्यापासून?

एव्हेलियो : तुला सांगितलं नाही कधी? मेल्बा दुकान काढायच्या आधी इथला पत्ता काय होता माहितीये? चावऱ्या कुत्र्यापासून. इथेच बांधलेलं असायचं, तुझ्या आजोबांचं कुत्रं. बिशप म्हणायचे त्याला. पाद्री सोडून सगळ्यांना चावलं ते.

याओस्का : तुम्हालाही?

एव्हेलियो : मला तर पोटरीला. तुझ्या आईनं साबण लावून धुतलं, फडकं बांधलं, म्हणाली रोज येऊन बदलून घेत जा. सहा आठवडे येत होतो.

याओस्का : सहा आठवडे?

एव्हेलियो : जखम दोन आठवड्यांत भरली होती.

याओस्का : आणि आईला कळलं नाही?

एव्हेलियो : तिनंच फडकं मोठं मोठं करत नेलं. तर ते कुत्रं मेलं. मेल्यावर सहा वर्षं लोक म्हणायचे, जिथे चावरं कुत्रं होतं तिथून. मग मेल्बानं भिंतीत ही खिडकी काढली, चीज ठेवलं, मीठ ठेवलं, आणि एका पावसाळ्यात कुत्रं गेलं. कोणी ठरवलं नाही, कोणी सांगितलं नाही. एक दिवस पिशवीत बघितलं तर एकाही पाकिटावर कुत्रं नाही. पत्ते कसे मरतात ते मी बघितलंय. कुठल्याही डॉक्टरपेक्षा जास्त.

याओस्का : पापा, म्हणून तुम्ही तीन मेणबत्त्या घेऊन इथे बसलाय?

एव्हेलियो : दोन असत्या तरी बसलो असतो.

चिला : विकता का! अहो, आहे का कोणी? विकता का!

एव्हेलियो : बघ, गिऱ्हाईक. या, दोन्या चिला, आहे की. का नाही?

चिला : अगं बाई, याओस्का! कधी आलीस? वाळलीस गं. आणि ह्या पेट्या कसल्या? म्हणजे आजच नेतेस का वडिलांना? मला वाटलं शनिवारी. मी शनिवारसाठी तांदूळ भिजवणार होते. ते असू दे. पोस्टमन, चीज आहे का?

एव्हेलियो : चीज नाही.

चिला : अंडी?

एव्हेलियो : अंडी संपली.

चिला : हो, मागच्या फेब्रुवारीत. मग काय आहे?

एव्हेलियो : मेणबत्ती.

चिला : हां, मेणबत्तीच हवी होती मला. द्या एक.

याओस्का : मावशी, मागच्या वेळी मी आले तेव्हाही तुम्ही मेणबत्तीच घेत होतात.

चिला : रोज घेते. माझ्या घरी देव कमी आणि मेणबत्त्या जास्त झाल्यात. थांब हं, हा गॅसवाला. हॅलो? हो रे बाबा, सकाळपासून वाट बघतेय, चूल थंड पडलीये माझी. कुठे पोचलास? नाही, नाही, ते नव्हे. तू फार वर गेलास. असं कर, जिथे दोन्या मेल्बाचं दुकान होतं ना, तिथून पंचवीस वार खाली, हिरवं फाटक. हो, तेच. ये लवकर.

(आंबे विकणाऱ्या बाईची हाक रस्त्यावरून जवळ येते आणि लांब जाते.)

एव्हेलियो : दोन्या चिला, तुम्ही आत्ता कुठे उभ्या आहात?

याओस्का : पापा, नको.

चिला : अहो, घाईत बोलून गेले मी. तो गॅसवाला कानानं जरा जड आहे.

एव्हेलियो : त्याला 'आहे' ऐकू येत नाही आणि 'होतं' ऐकू येतं?

चिला : द्या ती मेणबत्ती, जाते मी.

एव्हेलियो : कधीपासून?

चिला : काय कधीपासून?

एव्हेलियो : पन्नास वर्षं शेजारी आहात. माझ्याशी खोटं बोलताना तुमचा डावा डोळा मिटतो. कधीपासून असं म्हणताय?

चिला : तिच्या नऊ दिवसांच्या प्रार्थना संपल्या ना, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून.

एव्हेलियो : तुम्ही एकट्याच?

चिला : सगळेच.

एव्हेलियो : पाववाला नाही म्हणत. कालच माझ्यासमोर कुणाला तरी सांगत होता, मेल्बाचं दुकान आहे तिथून.

चिला : तुमच्यासमोर सगळेच आहे म्हणतात. तसं ठरलंय.

एव्हेलियो : काय ठरलंय?

चिला : पाववाल्याच्या अंगणात बसून ठरवलं आम्ही. पोस्टमन ऐकत असेल तर आहे म्हणायचं. लहान पोरांनाही बजावून ठेवलंय. ती समोरची पाच वर्षांची पोर तुम्हाला बघितलं की अडखळते ना, "दुकान हो... हो... आहे"? तुम्ही मला विचारलंतसुद्धा, पोर तोतरी आहे का म्हणून. तोतरी कसली, चांगली खडाखडा बोलते.

एव्हेलियो : अकरा महिने?

चिला : अकरा महिने. सोपं नव्हतं हो. तुम्ही दिवसभर खिडकीत असता.

एव्हेलियो : आणि तुला माहीत होतं?

याओस्का : ठरलेलं माहीत नव्हतं, शपथ. पण टॅक्सीवाल्याला मीही होतंच म्हणते, पापा. आहे म्हटलं की ते दुकान शोधत पुढे निघून जातात. होतं म्हटलं की बरोबर दारात आणून सोडतात. म्हणून ते तसंच लिहिलं गेलं माझ्याकडून. विल्मरचं वगैरे मी नंतर जोडून सांगितलं.

एव्हेलियो : म्हणजे सगळं गाव मला वेड्यात काढतंय.

चिला : वेड्यात नाही काढत कोणी.

एव्हेलियो : मग काय म्हणायचं ह्याला? मी इथे तिचं दुकान चालवतोय...

चिला : एव्हेलियो, ऐक. मी आज तुला एकदाच सांगणार आहे, कारण तू चाललायस आणि नंतर मला धीर होणार नाही. तू दुकान चालवत नाहीस. तू खिडकीत बसतोस. मेल्बाचं दुकान आहे म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर तू येतोस, मेणबत्त्या घेऊन, दाढी वाढलेला. आणि मला रडू येतं. होतं म्हटलं की मेल्बा येते. चष्मा कपाळावर, हात मिठानं खरखरीत, एका हातानं चीज कापतेय आणि तोंडानं कुणाच्या तरी नवऱ्याचा उद्धार करतेय. मी ऑक्टोबरात त्या दिवशी बाहेरून तीनदा गेले, एव्हेलियो. तीनदा. आत डोकावले नाही. मला तुला असं बसलेलं बघवत नव्हतं म्हणून मी मान खाली घालून गेले. चौथ्यांदा बघितलं तेव्हा तू फरशीवर होतास. ते माझ्या जिवाला लागलंय. तेव्हापासून रोज मेणबत्ती घेते मी.

एव्हेलियो : तीनदा गेलात?

चिला : तीनदा.

एव्हेलियो : एकदा तुमच्या चपलेचा आवाज मी ओळखला होता.

याओस्का : मावशी, बसा तुम्ही. हे स्टूल घ्या. पाणी देऊ? सव्वातीन झाले. पापा, काही तरी बोला ना.

एव्हेलियो : बिशपलाही होतं म्हणत होते सहा वर्षं. मग विसरलेच ना?

चिला : कुत्र्याची आणि तिची बरोबरी करतोस? त्या कुत्र्यानं मला दोनदा फाडलंय. त्याला सहा वर्षं लक्षात ठेवलं हेच पुष्कळ झालं! मेल्बा कुणाला चावली होती?

एव्हेलियो : मला.

चिला : ते तुमचं तुम्ही बघा.

एव्हेलियो : आणि विल्मर चांगला निघाला तर? लोकांच्या चाकात हवा भरून देईल, दोन शब्द गोड बोलेल. मग?

चिला : तर मग कधीतरी विल्मरपासून मोजतील. मी काय लिहून देऊ तुला? माझ्यापुरतं सांगते. मी आहे तोवर माझा गॅस मेल्बापासून पंचवीस वार खालीच येणार. माझ्या पोरी पण तसंच सांगतात. पुढचं मला माहीत नाही.

एव्हेलियो : पंचवीस नाही, तीस.

चिला : काय?

एव्हेलियो : हिरवं फाटक तीस वारांवर आहे. अडतीस वर्षं चाललोय मी ते. म्हणून तुमचा गॅसवाला चुकतो.

चिला : बाई गं! चाळीस वर्षं चुकीचं सांगतेय मी?

एव्हेलियो : याओस्का, तुझ्या कागदावरचं ते उदाहरण वाच.

याओस्का : खोडलं ना मी.

एव्हेलियो : होतं ते वाच.

याओस्का : "जिथे दोन्या मेल्बाचं दुकान होतं तिथून दोन चौक तळ्याकडे, एक चौक वर."

एव्हेलियो : तिथे काय आहे?

याओस्का : तिथे... काही नाही. नुसतं उदाहरण आहे.

एव्हेलियो : तिथे नाला आहे. उघडा. तुझा पाहुणा बॅगेसकट नाल्यात जाईल आणि वर आपल्या शहराला नावं ठेवेल. असा पत्ता लिहितात? एक चौक तळ्याकडे आणि चाळीस वार वर. तिथे चिलाच्या बहिणीची चूल आहे, शनिवारी मक्याच्या पिठाचे नाकातामाल उकडते ती केळीच्या पानात. पाहुण्याला पोटात काहीतरी जाईल.

चिला : शनिवारी आणि रविवारी. लिही गं, रविवारी पण.

याओस्का : लिहिते. "एक चौक तळ्याकडे, चाळीस वार वर." आणि तो शब्द, पापा? आहे करू का?

एव्हेलियो : शब्द बरोबर होता. मोजमाप चुकलं होतं.

याओस्का : नक्की?

एव्हेलियो : पाच वाजता पाठवायचंय ना तुला? मग मला विचारत काय बसलीस? दे इकडे तो आरसा.

याओस्का : पेटीत?

एव्हेलियो : मेल्बाचा गाऊन आहे ना आत? त्यात गुंडाळून ठेव. नाही फुटणार. पंखा वर ठेव, आधी काढायला लागेल. त्या तुझ्या सी चौदाला खिडकी कुठल्या बाजूला आहे?

याओस्का : बागेकडे.

एव्हेलियो : दिशा विचारतोय मी.

याओस्का : तळ्याकडे. म्हणजे तळं दिसत नाही, फार लांब आहे...

एव्हेलियो : दिसायला कशाला पाहिजे?

चिला : मी चहा... नाही, माझा गॅसच नाही. बरं, शेवटच्या त्या दोन मेणबत्त्याही मलाच द्या. दुकान रिकामं केलेलं बरं.

एव्हेलियो : घ्या. ही बरणी पण घ्या.

चिला : ती नको. तिला हातोडा लागतो.

याओस्का : पाटीचं काय करायचं? आपल्याकडे नेऊ या? तिथे बाहेर लावायला परवानगी नाही, पण तुमच्या खोलीत लावू.

एव्हेलियो : काढून ने. खोलीत लाव नाही तर पलंगाखाली ठेव. इथे नको. पाटी असली की लोक नुसतं वाचतात, कोणी कुणाला विचारत नाही.

याओस्का : पापा, विल्मरचा फोन. चाराला दहा कमी आहेत. हॅलो, विल्मर? हो, हो, घरीच आहोत. कुठे आहात? काय दिसतंय समोर? नाही, तिथून तुम्ही उत्तरेला...

एव्हेलियो : दे माझ्याकडे. उत्तर म्हणालीस तर तो रात्रीपर्यंत येत नाही. हॅलो, विल्मर? मी एव्हेलियो. कुठे उभा आहेस? झाडापाशी? कुठल्या, सरकारनं उभ्या केलेल्या लोखंडाच्या का जिथे खरं झाड होतं त्या? हां. मग फार खाली गेलास तू. टेम्पो वळव. सूर्य पाठीवर घे आणि तीन चौक वर ये, मग एक चौक तळ्याकडे. नाही, पाटी शोधू नकोस, पोरगी काढतेय ती. कुणालाही विचार, दोन्या मेल्बाचं दुकान कुठे होतं. हो. होतं. सांगतील.